पाय सोडलेली कोंबडी
मेणबत्ती विझली की त्या वासाने मला कुरुळीतलं आमचं मातीचं घर आठवतं. आम्ही बौद्ध होऊन महिनाच झाला होता. घरातले देव इंद्रायणीत सोडले होते आणि कोनाड्यात बुद्धाचा कागदी फोटो खळीने चिकटवून त्यापुढे रोज मेणबत्ती लावायचो. धाकटा भाऊ तापाने निपचित पडला होता. चाकणच्या डॉक्टरचं औषधही लागू पडेना, तशी आई पाय बांधलेली कोंबडी घेऊन आली, भावावरून उतरवली आणि फोटोपुढे ठेवून विळ्याकडे वळली. वडिलांनी तिचा हात धरला. "अगं, आपला धरम आता जीव घेत न्हाई." आई फोटोकडे हात करून ओरडली, "मग पोराच्या बदल्यात ह्याला काय देऊ, ते तरी सांगा!" वडिलांनी वाकून कोंबडीचे पाय सोडले. ती अंग झाडून भावाच्या गोधडीभोवती टिपत हिंडू लागली. दिवस मावळायच्या आत भाऊ गेला. कोंबडी पुढे चार वर्षं जगली. आई तिला रोज दाणे टाकायची, पण तोंड फिरवून. मी आजही पौर्णिमेला बुद्धापुढे मेणबत्ती लावते, मागत काहीच नाही. विझवताना मात्र दरवेळी वाटतं, वडिलांनी तेव्हा आईला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. काय, ते मलाही अजून सांगता येत नाही.