झेक पटकथा आणि देसाईसाहेबांचा ड्रॉवर

मस्कतला दहा वर्षं काढलेल्या माणसाकडे किस्से साठतातच. एसीच्या फिल्टरमधल्या धुळीसारखे. झटकले तरी आठवड्यात पुन्हा तेवढेच! आमच्या फिल्म सर्कलचे किस्से मात्र मला हसत सांगता येत नाहीत. अजून डोकं तापतं.

सर्कल म्हणजे नव्वदच्या दशकात मस्कतच्याच अझैबा भागात, देसाईसाहेबांच्या व्हिलात दर शुक्रवारी दुपारी जमणारी आम्ही सहा-सात मराठी माणसं. साहेब आमच्या कंपनीचे मॅनेजर, मी ड्राफ्ट्समन. कंपनीतला एक झेक इंजिनिअर मायदेशी परतताना त्यांना तीन व्हिडिओ कॅसेटी देऊन गेला. तिन्ही फिल्म्स एकाच झेक पटकथाकाराच्या, खाली इंग्लिश सबटायटल्स. झालं, साहेबांना देवच सापडला!

*

पहिल्या फिल्ममध्ये एक कारकून एका बाईचे कागद ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवतो. शेवटी ती हातोड्यानं ड्रॉवर फोडते. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय हो हा अन्याय!"

आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्याच कुरुमच्या ऑफिसात, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होते. कंपनीच्या ओमानी मालकाची, म्हणजे अर्बाबची, पद्धतच ती. सामोसे छान होते, ते खाल्ले. आज त्याचीच लाज वाटते.

*

दुसरी फिल्म विनोदी. तोच ड्रॉवर, पण आता सगळं गाव त्याच्यापुढे रांगेत आणि कारकून रोज म्हणतो, "उद्या या." आमचा स्टोअरकीपर, वसईचा डॉमनिक फर्नांडिस, इतक्या मोठ्यानं हसला की साहेबांनी पॉज दाबला.

"फर्नांडिस, हा ब्लॅक ह्यूमर आहे. समजून हसा!"

"समजूनच हसलो, सर."

*

त्याच महिन्यात वसईला डॉमनिकच्या आईनं अंथरूण धरलं. तो पासपोर्ट मागायला गेला. "अर्बाबचा नियम आहे, फर्नांडिस. उद्या बघू, इन्शाल्ला." दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच!

शेवटी मी त्याच्याबरोबर गेलो. साहेब मला म्हणाले, "तुम्ही यात पडू नका. शुक्रवारी माझं भाषण आहे, तेवढं खुर्च्यांचं बघा."

मी "बघतो" म्हणालो. संताप साहेबांचा येतोच, पण त्या "बघतो"चा जास्त येतो!

*

तिसऱ्या फिल्मचा नायक कोण? तोच कारकून! म्हातारा, एकटा, ड्रॉवरची चावी हरवून बसलेला. साहेबांची ही सर्वांत लाडकी.

शुक्रवारच्या भाषणाचा विषय होता, 'एका पटकथाकाराची कलात्मक उत्क्रांती'. साहेब रंगात आले. "आधी तो ड्रॉवर फोडतो. मग ड्रॉवरला हसतो. आणि शेवटी ड्रॉवरवाल्याचंही दुःख समजून घेतो. याला म्हणतात लेखक मोठा होणं!"

टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. वहिनींनी चहा आणला. "कोणाला काही प्रश्न?" साहेबांनी विचारलं.

एवढ्यात डॉमनिक आत आला. बाहेर टॅक्सी उभी होती, इंजिन चालूच. त्याच्या शर्टाच्या खिशातून निळा पासपोर्ट डोकावत होता. त्यानं स्टोअरमधला हातोडा साहेबांच्या कपबशीशेजारी हळूच ठेवला.

"प्रश्न नाही, सर. मला आपली पहिलीच फिल्म आवडली."