सहाचं आणि साडेसहाचं काडतूस

सहा मिलिमीटरचं काडतूस आणि साडेसहाचं तळहातावर शेजारी ठेवलं, तर नव्या माणसाला फरक कळत नाही. माझं सहाचं. ते वेगाने जातं, खांद्याला धक्काही कमी. माझा दोस्त सदाशिव साडेसहावाला. त्याची गोळी जड, वाऱ्याला कमी हलते. यावरून आम्ही वीस वर्षं भांडलो. "अरे आडमुठ्या, वारा काय तुझ्या घरचा गडी आहे का?" म्हणायचा. मी ऐकलं नाही. ऐकणारही नव्हतो.

लांबच्या नेमाला दोन माणसं लागतात. एक गोळी मारतो, दुसरा निशाणाखालच्या चरात बसून लांब काठीने भोक दाखवतो. सदाशिव वारला, त्याची रायफल मुलाने आमच्या नेमबाजी क्लबला दिली. काल एकाच वाऱ्यात दोन्ही रायफलींतून पाच-पाच गोळ्या झाडल्या आणि भोकं बघायला सहाशे मीटर एकटा चालत गेलो. ही वाट एवढी लांब आहे, हे आजवर कळलंच नव्हतं.

माझी भोकं वीतभर उजवीकडे सरकलेली. त्याची पाचही मधोमध, माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

"हरलो रे," असं जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो. आणि त्यावर खदाखदा हसायला चरात कोणी नव्हतं.