न चिरलेले शिंगाडे

गोंदियाच्या दुकानात मायक्रोवेव्ह घेताना दुकानदाराने माझ्या चिखलाच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, इसको चलाना सीखना पड़ता है. हमारा आदमी घर आकर दिखा देगा."

ते मला लागलं. पाण्याचे जुने पंप विकत घ्यायचे, खोलायचे, दुरुस्त करून विकायचे, एवढ्यावर मी फुलचूरला घर बांधलं होतं. मला हा शिकवणार? "आदमी मत भेजो," मी म्हणालो, "उसके बदले काँच का बर्तन दो." अर्धा तास हुज्जत घालून झाकणाचं भांडं घेऊनच उठलो. सोबतची पुस्तिका हिंदीतही होती. मी ती उघडली नाही.

दिवाळीच्या सुमारास बायकोच्या भावाने गावच्या तळ्यातले शिंगाडे पाठवले. ती गॅसवर पाणी ठेवत होती.

"गॅस कायले जाळून राहिली? मशीन आणली ना."

"शिंगाडे होतात का जी त्याच्यात?"

"आलू होते, तर शिंगाड्याले काय झालं?"

"पाणी किती टाकू?"

"पाणी नाही लागत. टाक अन् बटन दाब."

मशीन थांबल्यावर तिने लगेच एक शिंगाडा काढला. उकडला की नाही हे आम्ही चिमटीत दाबून पाहतो. तिनेही डोळ्यांजवळ धरून दाबला. तो फटाक्यासारखा फुटला आणि गरम गर तिच्या उजव्या डोळ्यावर, गालावर उडाला.

तिला नळाखाली नेण्याआधी मी काय बोललो ते मला आठवतं. "सांगितलं होतं ना, सांभाळून म्हणून." असं मी काहीच सांगितलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, "मला न विचारता शिंगाडे टाकले हिनं मशीनमध्ये." ती डोळ्यावर ओला रुमाल धरून बसली होती. डॉक्टर तिलाच रागावले. साल असलेल्या वस्तूच्या आत वाफ कोंडते, आधी चीर द्यायची, मशीन थांबल्यावरही थोडा वेळ हात लावायचा नाही. डोळा वाचेल का, ते पट्टी काढल्यावर कळेल.

"चुकलं डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

घरी येऊन मी पुस्तिका वाचली. डॉक्टरांनी सांगितलं तेच त्यात लिहिलेलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीने दुकानासमोर गेलो. आतून तो दुकानदार एकाला सांगत होता, "हमारा आदमी आकर दिखा देगा." मी आत न जाता परत फिरलो.

त्या दिवसांत ती एका डोळ्याने तांदूळ निवडायची, खडे राहून जायचे. जेवताना दाताखाली खडा आला तरी मी गप्प गिळायचो. एरवी ताट सरकवणारा माणूस मी.

पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवली. तिने बरोबर सांगितली. पापणीजवळ डाग राहणार होता, नजर वाचली होती. डॉक्टर हसून म्हणाले, "आता मालकाला विचारून वापरत जा, बाई."

"हो," ती म्हणाली.

मी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घातली. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर कसंबसं म्हणालो, "मीच सांगितलं होतं तुले."

"मले माहीत आहे जी," ती म्हणाली. "आत सांगाचं होतं."

दवाखान्याचं दार दहा पावलांवर होतं. आत दुसरा पेशंट गेला असेल, असं काहीतरी पुटपुटत मी ऑटो शोधायला लागलो.