वाळत घातलेली इमारत

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, धंद्याने शिंपी. लहानपणी चित्रं बरी काढायचे म्हणे. त्यांच्या वडिलांनी ती कला वाया जाऊ दिली नाही. हातात खडू देऊन कापडावर बाह्या आणि गळे आखायला बसवलं. पुढे जन्मभर भाऊजींनी गळेच काढले, तेही दुसऱ्यांच्या मापाचे. एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. सैल करा, केलं. घट्ट करा, तेही केलं.

दुकान बंद केल्यावर ते घरी बसून आल्यागेल्याच्या कॉलरला नावं ठेवू लागले. तेव्हा ताईने चित्रकलेची वही आणून दिली आणि दाराकडे बोट दाखवलं. भाऊजी समोरच्या फुटपाथवर घडीचं स्टूल टाकून आम्ही सगळे राहतो तीच इमारत काढू लागले.

इमारतीला नुकताच रंग दिला होता. सोसायटीच्या अध्यक्षांनी चित्र न बघताच जाहीर केलं, की ते जिन्यापाशी लावायचं. कलेची कदर करण्यात आमचे अध्यक्ष नेहमीच पुढे असतात. खर्च नसला की जरा जास्तच.

चित्र झालं. भिंती अंदाजे, गच्ची कललेली, खिडक्या म्हणजे नुसती भोकं. पण गॅलऱ्यांत वाळणारे कपडे! एकेक शिवण, एकेक काज जागच्या जागी. निम्मे त्यांनीच शिवलेले. दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बुडावरच्या ठिगळासकट.

जिन्यापाशी सगळे बघायला जमले.

“हे काय हो मास्तर? इमारत कुठाय?” अध्यक्षांनी विचारलं.

“आहे की. कपड्यांच्या मागे.”

“आणि हा पायजमा? लोक म्हणतील, माझा आहे.”

“तुमचाच आहे. ठिगळ मी लावलंय. बघा ना, पट्टे कसे जुळवलेत.”

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी उसळल्या. “आमच्या गॅलरीत काहीच नाही? आम्ही काय कपडे धूत नाही?”

“तुम्ही ड्रायर घेतलात ना?” ताई म्हणाली.

“घेतला गं. पण चित्रात एखादा टॉवेल टाकायला काय जातंय?”

अध्यक्षांनी निकाल दिला: सगळे कपडे खोडायचे, चित्र रविवारी लावायचं. भाऊजींनी सवयीने मान हलवली.

घरी येऊन ते खोडरबर घेऊन बसले. पायजम्यावर रबर टेकवलं आणि तसेच थांबले.

“खोडा की,” ताई म्हणाली. “जन्मभर उसवत आलात, आता काय झालं?”

“उसवलं तरी कापड उरतं गं. हे खोडून काय उरणार? भोकं.”

“मग नाही म्हणा.”

“कसं म्हणू?”

“तोंडाने.”

मला वाटलं, खोडतील. मी असतो तर खोडलं असतं. वर ठिगळाबद्दल माफीही मागितली असती.

रविवारी अध्यक्ष खिळा ठोकून तयार होते. भाऊजी रिकाम्या हाताने खाली गेले आणि “नाही” म्हणाले. इतक्या हळू, की अध्यक्षांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि बिचाऱ्या भाऊजींना ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. शेवटी शेवटी बरं जमायला लागलं होतं. खिळ्याला रंगाच्या दुकानाचं कॅलेंडर लागलं. चित्र ताईच्या स्वयंपाकघरात आहे.

परवा भाऊजींनी स्टूल पलीकडच्या गल्लीतल्या पिवळ्या इमारतीपुढे मांडलं. मीही सोबत होतो. बातमी आमच्या आधीच पोचली होती. बघता बघता गॅलऱ्यांतले जुने बनियन आत गेले आणि कडक इस्त्रीचे शर्ट दोरीवर चढले. एकाने तर लग्नातला सूट बाहेर काढला. भाऊजींनी पेन्सिल खिशात टाकली आणि स्टूल मिटलं.

“का हो?” मी विचारलं.

“दुकानाच्या शोकेसचं चित्र काढायला नाही आलो मी. धुणं वाळत घालतील तेव्हा येऊ.”

वरून सूटवाला ओरडला, “अहो मास्तर, थांबा की! कोट उलटा टांगू का?”

“नको,” भाऊजी म्हणाले. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.