नव्वदवरचा काटा

सदर इसम बांध्याने किरकोळ, वर्णाने सावळा, डोक्यावरील केस नाममात्र. ओळखीची खूण : उजव्या कानाच्या पाळीस काळा डाग, तो जन्मखूण नसून ग्रीस असल्याचे पत्नीने वारंवार घासून निश्चित केले आहे. व्यवसाय : जुन्या मोटारींचे वेगमापक, म्हणजे सामान्य जनता ज्यास मीटर म्हणते ते, दुरुस्त करणे. सदर इसमाने चुकीचे माप दिल्याची एकही तक्रार आजतागायत कोठेही दाखल नाही. वाहन चालविण्याचा परवाना : नाही. अर्जच केलेला नाही.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. सख्खी भाची मात्र एकच. गाडी चालवता येत नाही याची मामांना लाज नव्हती. ज्याला काटा ऐकायचाय त्यानं चाक धरू नये, असं ते म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मीटरचा आवाज गाडी उभी असताना येत नाही. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी गाडी हाकायची आणि मामांनी पुढच्या सीटवर उलटं होऊन, पाय टपाकडे, डोकं डॅशबोर्डखाली आणि कान केबलला, अशी त्यांची पद्धत. बघ्यांना वाटे, एका बाईनं माणूस पळवून चालवलाय आणि तो नीट कोंबलासुद्धा नाही.

ती बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई वर्षानुवर्षं मामांसाठी गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवत आली. चालवताना एक अक्षर बोलत नसे. पुढच्यानं मूर्खपणा केला की जीभ टाळूला लावून फक्त ‘त्च्’ करी. त्या ‘त्च्’नं मामांचं आख्खं बालपण वळणावर आणलं होतं.

मग एका सकाळी, पाण्याच्या टाकीजवळच्या डाव्या वळणावर, ताईची स्वतःची गाडी कठड्याला धडकली आणि ताई गेली. मीटरची काच फुटून आत बसली होती आणि काटा जिथं होता तिथं अडकला होता. नव्वदवर. त्या वळणावर चाळीससुद्धा धाडसच. पोलिसांनी नव्वद लिहून घेतलं, आणि तेवढ्यावर त्यांच्यापुरता विषय मिटला.

घरच्यांचा मिटला नाही. कारण त्या सकाळी माय-लेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. “तू नसलीस तर मला श्वास तरी घेता येईल,” असं लेक बोलून गेली होती, आणि ताई किल्ली उचलून बाहेर पडली होती. अशा वेळी बाई चाळीसनं गेली असेल तर तो अपघात. नव्वदनं गेली असेल तर त्याला जो शब्द आहे, तो त्या घरात दोन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

गाडी भंगारात द्या, असं भाऊजींना दहा जणांनी सांगितलं. त्यांनी ती मामांच्या शेजारच्या डेंटिंगवाल्याकडून ठोकून सरळ करून घेतली. मीटर मामांनीच बसवलं. चुंबक तपासला, स्प्रिंग तपासली, काच नवी घातली. मीटर निर्दोष होतं. आता खोटं बोललीच असेल तर ती केबल. गिअरबॉक्सकडून मीटरला वेग सांगत येणारी तार, नळीत फिरणारी. तार कुठं अडखळली की तिला पीळ बसतो, पीळ सुटला की काटा भलतीकडे उडी मारतो. मीटरचं पोट उघडणाऱ्या मामांनी त्या केबलला मात्र हात लावला नाही. ती डेंटिंगवाल्यानंच जोडली. लोकांना वाटलं, भावाला बघवत नसेल. तसं नव्हतं. उघडली असती तर कळलं असतं, एवढंच.

आणि आता भाची दुकानाच्या दारात उभी होती, मागे ती गाडी.

“मामा, काटा उडतो.”

“कुठं?”

“टाकीच्या वळणावर. चाळीसनं जाते मी, मामा, शप्पथ. आणि तिथं तो उठून नव्वदला जातो, थरथरतो, खाली येतो. आवाजही येतो.”

“कसला?”

भाचीनं इकडं तिकडं पाहिलं. “तुम्ही हसाल.”

“मी मीटरवाला आहे. मला गाड्यांनी काय काय ऐकवलंय.”

“आई करायची तसा.”

मामा हसले नाहीत. शेजारून डेंटिंगवाला मात्र हातोडी घेऊनच आला. “अगं, गाडीनं एवढा मार खाल्लाय, थोडं तोंड चालवणारच. नव्वद दाखवते ना? फायद्यातच आहेस की. पेट्रोल चाळीसचं आणि थाट नव्वदचा!”

“तू तुझा पत्रा बडव,” मामा म्हणाले.

“बडवतो. पण मामा, बघून घ्या हो. तुम्हाला कोण मामा बनवणार?”

मामा उलटे झाले. भाचीनं गाडी काढली. तीही चालवताना बोलत नव्हती. डॅशबोर्डखालचा अंधार, रबराचा वास, वायरींचा गुंता, सगळं ओळखीचं. डोळे मिटले तर शेजारी कोण बसलंय हे सांगता आलं नसतं, म्हणून मामांनी ते उघडे ठेवले.

टाकीचं वळण आलं. गाडी कलली, इंजिन आपल्या रबरांवर जरासं सरकलं, आणि मामांच्या कानाशी केबल म्हणाली : त्च्. त्च् त्च्.

मामांचं डोकं खालून डॅशबोर्डवर आपटलं.

“उडाला!” वरून भाची ओरडली. “मामा, नव्वद! ऐकलंत ना?”

“ऐकलं,” मामा म्हणाले. मग, उलट्या अवस्थेतूनच, “बाकीच्या डाव्या वळणांवर?”

“बाकीकडे मी काट्याकडे बघतच नाही.”

हे उत्तर मामांना भुताच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा पटण्यासारखं वाटलं. त्यांनी पुढच्या चौकातून तिला उगाच डावीकडे वळायला लावलं. तिथंही काटा उडाला. तिथं कुणी मेलेलं नव्हतं.

दुकानात आल्यावर त्यांनी केबल सोडवली. डेंटिंगवाल्यानं ती कसण्यासाठी पत्र्याची पट्टी मारली होती, आणि तिथं नळीला असा मोड दिला होता की आतल्या तारेनं ओरडायचं नाही तर काय करायचं. मामांनी तार हळूहळू ओढून कागदावर आडवी ठेवली. भाची स्टुलावर बसली, हात मांड्यांखाली दाबून. लहानपणी निकालाच्या दिवशी बसायची तशी.

“मामा, एवढंच सांगा. आईच्या वेळीही तो असाच उडत असेल ना? म्हणजे ती हळूच जात असेल, आणि काटाच खोटा असेल?”

“बघू दे.”

तार बोलते, ज्याला वाचता येते त्याच्याशी. मोडाच्या जागी ती घासली गेली होती आणि त्या घासण्याला ताज्या नाण्याची चमक होती. जुना घास काळवंडतो, त्याच्या कडा मऊ होतात. इथं तसं काही नव्हतं. बाकी सगळी तार काळ्या ग्रीसमध्ये मऊसूत बसलेली. ग्रीस खालच्या दोन भागांना, वरचा तिसरा भाग कोरडा पुसलेला, कारण वर लावलेलं ग्रीस मीटरात चढतं आणि काट्याला चिकटतं. बाजारात ही काळजी घेणारा एकच माणूस होता. अपघाताच्या थोडे दिवस आधी ताईनंच हट्टानं त्याच्याकडून ती केबल नीट करून घेतली होती. ‘जगाचे काटे नीट करतोस, माझ्याकडे कधी बघणार?’ असं म्हणत.

त्यानं बघितलं होतं. उत्तम काम केलं होतं. इतकं की त्यात आता बोट घालायला जागा नव्हती.

मामांनी कानाची पाळी चोळली. डाग आणखी पसरला.

“मामा?”

“जुना आहे,” मामा म्हणाले. “मोड जुना आहे. तेव्हाचाच. अशा तारेवर काटा कुठंही जाईल. ताई कितीनं येत होती, हे त्या काट्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.”

भाचीनं मांड्यांखालून हात काढले आणि त्यांत तोंड लपवलं. शेजारची हातोडी थांबली. डेंटिंगवाला दारातून कागदावरच्या तारेकडे बघत होता. पट्टी कुणी मारली आणि कधी, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

“हो, जुनाच की,” तो म्हणाला. “मी आपला होता तसा बसवला.” आणि आयुष्यात पहिल्यांदा, पुढं काही न बोलता निघून गेला.

मामांनी तार पुसली, नवं ग्रीस लावलं, खालच्या दोन भागांना. पट्टी काढून टाकली, केबलला ऐसपैस वळण दिलं. जुनं ग्रीस ज्या फडक्याला लागलं होतं, ते घडी करून खिशात ठेवलं, फेकलं नाही.

पुन्हा दोघं टाकीकडे गेली. मामा उलटे, कान केबलला. वळण आलं. गाडी कलली. केबल गप्प.

“चाळीस,” वरून भाचीचा आवाज आला, हलका, जवळजवळ हसरा. “मामा, चाळीसच! हललासुद्धा नाही.”

मामा ऐकत राहिले. अशी शांतता त्यांनी हजारो गाड्यांना मिळवून दिली होती आणि तिचे पैसे घेतले होते. ही पहिलीच, जिच्यात काहीतरी येण्याची ते वाट बघत होते.

समोर कुणीतरी सायकल आडवी घातली असावी. गाडी मंदावली आणि वरून, अगदी स्पष्ट, आवाज आला :

“त्च्.”

मामांनी डोळे मिटून घेतले. भाचीला आपण काही केलं हे कळलंही नाही.

गाडी आता नीट चालते. भाचीनं आईचा फोटो पुढच्या खोलीत लावला आहे. भाऊजींनाही झोप लागते म्हणे. मामा रोज दुकान उघडतात, पण उलटं होऊन ऐकायचं काम त्यांनी सोडलं आहे; कान गेला, असं सांगतात. चुकीचे माप दिल्याची तक्रार सदर इसमाविरुद्ध आजही दाखल नाही.

ताई नव्वदनंच येत होती.