चालत्या मशीनला हळदकुंकू

माझी नात काय करते असं कुणी विचारलं की मी सांगते, ती पट्ट्या तोडते. समोरची बाई विषय बदलायला बघते. मग मला दया येते आणि मी पुढचं सांगते. अंबाडीच्या वाखाची चटई करायची, ती एका चिकट रसायनात भिजवून दाबून वाळवायची, झालेल्या फळीच्या वीतभर पट्ट्या कापायच्या, आणि एकेक पट्टी मशीनच्या दोन जबड्यांत धरून ओढायची-सोडायची, ओढायची-सोडायची, तुटेपर्यंत. किती ओढ सोसून तुटली, आधी धागा गेला की चिकटा सुटला, याचं गणित म्हणजे तिची पीएच.डी. दोन वेगळ्या वस्तू बांधून तिसरी केली की तिला कॉम्पोझिट म्हणतात.

"म्हणजे लग्नच की," मी एकदा म्हटलं.

"हो ना आजी. आमच्यातही बहुतेक वेळा चिकटाच आधी सुटतो."

अंबाडी आमच्याच वलगावच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची. मी अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई अंबाडीची ताटं पाण्यात कुजवून वाख काढायच्या आणि मी नाकाला पदर लावून वाऱ्याची दिशा बघून उभी राहायची. जशी काही अकोल्याच्या नाल्यांतून गुलाबपाणी वाहत होतं! आता त्याच वाखासाठी परदेशातून ईमेल येतात.

तर असा एक ईमेल गेल्या पावसाळ्यात आला. जर्मनीतल्या एका प्राध्यापक बाईंनी नातीला पोस्टडॉक द्यायचं कबूल केलं. म्हणजे पीएच.डी. झाल्यावरही शिकतच राहायचं, पण पगार घेऊन. तिथे जवसाच्या धाग्यापासून पवनचक्कीची पाती करून पाहताहेत म्हणे. आपण जवसाची चटणी करतो आणि पुढे काही सुचत नाही. बाईंची अट एकच होती, नवं वर्ष लागायच्या आत प्रबंध सादर झाला पाहिजे. आणि प्रबंधात एका पट्टीचा आकडा राहिला होता. सगळ्यात हलक्या ओढीची पट्टी ती, त्यामुळे सगळ्यात जास्त दिवस टिकणारी. घटस्थापनेच्या आधी मशीनवर चढलेली ती पट्टी तुटायचं नाव घेत नव्हती. दसऱ्यानंतर मशीन दुसऱ्या मुलांना मिळणार होतं, ते थेट होळीपर्यंत. म्हणजे ही पट्टी बिनसली, तर जर्मनीही गेली.

आमच्या घरचा धंदा फुलांचा. खंडेनवमी आणि दसरा म्हणजे आमची सुगी. मुलगा, सून, सगळे मार्केटात झेंडूच्या ढिगांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात. नातीच्या कॉलेजच्या वर्कशॉपचे हार दरवर्षी आमच्याकडूनच जातात, ते यंदा घेऊन जायला माणूस उरला नव्हता. मी टोपली घेऊन ऑटोत बसले.

वर्कशॉपच्या शेडच्या दारातच नातीचा आवाज ऐकू आला.

"काका, फक्त हे एक मशीन चालू राहू द्या ना."

"बाई, तुले कितीकदा सांगू? आज खांडेनवमी. मेन स्विच पाडतो, मशीनी पुसतो, हार घालतो, कुलूप लावतो. उद्या दसऱ्याची पूजा झाल्याबिगर हात लावत नाई. नोकरीले लागलो तवापासून असंच चालू हाये."

हे वर्कशॉपचे तंत्रज्ञ. परतवाड्याला लागून असलेल्या अचलपूरचे. कॉलेजात सगळे त्यांना काकाच म्हणतात, प्राचार्यसुद्धा. शेडची किल्ली त्यांच्या करदोट्याला असते असं मुलं म्हणतात; मी तपासलेलं नाही.

"मध्ये थांबलं तर पट्टीला विसावा मिळतो काका. ताण सैल होतो. मग पुढचा आकडा खोटा."

"तं भेटू दे ना विसावा. पट्टीलेबी भेटन, मशीनलेबी भेटन. कोनाचं काय बिघडते?"

नातीनं माझ्याकडे पाहिलं. आता आजी काहीतरी बोलेल, अशा नजरेनं. आणि आजीला काकांचंच पटत होतं! कारण माझे वडील अकोल्याला एका जिनिंगमध्ये फिटर होते. खंडेनवमीला तिथला भोंगा वाजायचा नाही. इंजिन धुऊन, तेल पुसून, हार घालून उभं. आम्हा पोरांना त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायचीसुद्धा बंदी. आज इंजिनदेव झोपले आहेत, वडील सांगायचे.

शिवाय, खोटं कशाला लिहू, मनात हेही येऊन गेलं की मशीन थांबलं तर पोरगी आणखी वर्षभर इथंच. सकाळचा चहा तिच्या हातचा. मी तो विचार टोपलीत हारांखाली ढकलला. कारण पोरीचा चेहरा बघवत नव्हता. पाच वर्षं ती त्या शेडमध्ये वाढली होती, तिथल्या तेलाचा वास तिच्या ओढण्यांना कायमचा लागला होता.

मी स्टुलावर बसले आणि काकांना म्हटलं, "भाऊ, स्विचवरचा हात काढा, आन् माह्या येडेपनाची एक गोष्ट आयका."

"सांगा माय. हात राहू द्या इथंच."

मग मी सांगितलं. लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. अकोल्याची फिटरची लेक, नियमांची पक्की. खंडेनवमीला पहाटे उठले आणि घरातली यच्चयावत हत्यारं पाटावर मांडली. विळा, कातर, सुई, पोळपाट-लाटणं, सासऱ्यांचा वस्तरा. रेडिओलाही हार घातला आणि बातम्या बंद केल्या. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? दुकानाचा तराजूही उचलून आणला, वजनांसकट. हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांना बजावलं, उद्यापर्यंत कुणी शिवायचं नाही. फूलवाल्याच्या घरी, खंडेनवमीला! बाहेर गिऱ्हाइकांची ही गर्दी, सासरे अर्धी दाढी झालेल्या तोंडानं उभे, आणि नवी सून देव्हाऱ्यासमोर फौजदारासारखी. मला वाटत होतं, घराला वळण लावायला आपण आलो आहोत.

"मंग?" काकांचे ओठ हलायला लागले होते.

"मंग सासूबाई आल्या. एक शबद बोलल्या नाईत. तराजू उचलला, दुकानात नेऊन टांगला, गिऱ्हाइकाले झेंडू मोजून देला आन् पारडं हलतच होतं तवा त्याले कुंकू लावलं. मले म्हने, पोरी, आपला देव आज कामावर हाये. चालत्या काट्यालेच कुंकू लावाचं."

नात हसली. काकाही हसले. हात मात्र स्विचवरच.

"माय, गोष्ट मस्त हाये," ते म्हणाले. "पन तुमचा काटा दुकानात होता, तं तुमीबी दुकानातच होत्या. सारं घर तिथंच. हे मशीन चालू ठेवलं तं मले इथं बसा लागते. किल्ली दुसऱ्याले देता येत नाई, आन् तेलाचा दाब वाढला तं या पोरीले एकटीले समजनार नाई. वर्साचे बाकी सगळे सन साहेब लोकायचे. कोनाचं इन्स्पेक्शन, कोनाची परीक्षा. देवाच्या नावानं बंद असते म्हनून हे एक रात्र मले कोनी मांगत नाई. संध्याकाळची परतवाड्याची बस धरतो. घरची वाट पाहून रायली."

मागे मशीन आपलं चालूच होतं. घुंई-टक, घुंई-टक.

नात खाली बघत होती. "काका, तुम्ही कधी बोलला नाहीत हे."

"तू कवा इचारलं?" ते म्हणाले, पण रागानं नाही.

तिनं हळूच म्हटलं, "बंद करा काका. जा तुम्ही. मी त्या मॅडमना लिहिते, नाही जमलं म्हणून."

आता आली का पंचाईत! पोरगी शहाणी निघाली की म्हातारीला काम उरत नाही. पण तिनं 'बंद करा' म्हटल्यावर काकांनीच हात काढून घेतला. माणसाचं असं असतं. आपण ओढत असतो तोवर दुसरा धरून ठेवतो. आपण सोडलं की त्याला कळत नाही आता काय करावं.

मी संधी साधली. "भाऊ, घरच्याइलेच इकडं बोलवा ना."

"सनाले? शेडमंधी?"

"आमचा दसरा दरसाल फुटपाथवर होते. इथं तं वर टिन हाये."

काकांनी डोकं खाजवलं. मग बाहेर जाऊन त्यांनी फोन लावला. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण फोनमधून बायकोचा आवाज मशीनच्या वर येत होता, त्यावरून अंदाज आला. परत आले ते कानामागचा घाम पुसत.

"येतो म्हने सकाळच्या बसनं. म्हने, तुमी येत नाई तं मीच पाह्यतो कोन अशी तिथं बसली हाये ते."

मग त्यांनी स्वतःच बाकीची यंत्रं बंद केली, एकेकाला हार घातला. नातीच्या मशीनपाशी आले तेव्हा थबकले. चालत्या मशीनला हार घालायचा म्हणजे अडकायची भीती. शेवटी वाकून त्याच्या लोखंडी पायाला हळदकुंकू लावलं, एक फूल ठेवलं आणि म्हणाले, "चालू द्या देवा. उद्या पाहू."

दसऱ्याला काकू आल्या. हातात पुरणाच्या पोळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात तुपाची बरणी. चप्पल दाराशी काढून सरळ मशीनसमोर उभ्या राहिल्या. खालपासून वरपर्यंत नजर फिरवली.

"हेच का ते?"

"हेच," काका म्हणाले.

"सवत दिसाले बरी हाये. पन आवाज लय करते."

"तुह्यापरीस कमी," काका म्हणाले आणि लगेच डबा उघडण्यात गुंतले.

सतरंजी टाकली. नातीनं कुठूनशा पत्रावळी आणल्या. मी घरून वडे नेले होते. मार्केटातून माझा मुलगा फोनवर ओरडत होता, आई, आहेस कुठं, इथं हार ओवायला माणूस नाही. मी त्याला सांगितलं, मी कॉलेजात जेवते आहे. असं वाक्य मला उभ्या आयुष्यात म्हणायला मिळालं नव्हतं. मी ते दोनदा म्हटलं.

काकू नातीला आग्रहानं वाढत होत्या. "खाय वो बाई. त्या पट्टीवानी झाली तू."

"पट्टी तर तुटतही नाहीये काकू."

"मंग चांगलंच हाये की. तुटाले कावून पाह्यजे तुले?"

नातीनं पोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि समजावू लागली, की टिकणं किती ते तुटल्याशिवाय मोजता येत नाही, म्हणून—

टाक् असा आवाज झाला. फार मोठा नाही. तुरीचं वाळलेलं ताट मोडावं एवढाच. आणि मशीन आपोआप थांबलं.

पोरगी तुपाच्या हातानं उठली, ती पडद्यावरचा आकडा पाहून किंचाळलीच. मग काकांना मिठी मारायला धावली, मध्येच लाजली, आणि काकूंच्या गळ्यात पडली. काकू घाबरून माझ्याकडे बघत होत्या.

"अवं माय, सनासुदीच्या दिवशी वस्तू तुटली आन् पोरगी नाचून रायली?"

"तिच्या धंद्यात असंच हाये," मी म्हटलं.

काकांनी जबडे उघडले. पट्टीचे दोन तुकडे हलक्या हातानं काढून नातीच्या तळहातावर ठेवले, सोनं द्यावं तसे. तुटल्या टोकांशी अंबाडीचे केसासारखे धागे बाहेर आले होते. तिनं तुकडे उजेडाकडे धरून पाहिले. मग माझ्या शेजारी येऊन बसली.

"धागे ओढून बाहेर आलेत आजी. म्हणजे चिकटा आधी सुटला. मी लिहिलं होतं तसंच."

"बरं झालं."

"दिवाळीपर्यंत प्रबंध होईल."

"होईल."

"मग मी जाईन." हे तिनं इतक्या हळू म्हटलं, जणू तिलाच आत्ता कळलं. डोळे भरून आले होते. "आजी, तू अकोल्याहून आलीस तेव्हा रडली होतीस?"

आता तिला काय सांगायचं? पण अशा वेळी खरं बोललेलं बरं.

"रडली म्हंजे! गाडीतले लोक उठून दुसऱ्या डब्यात गेले. मले वाटे, आपून सातासमुद्रापार चाललो. अर्ध्या वाटेवरल्या मूर्तिजापूरपर्यंत रडली."

"आणि मग?"

"मंग भूक लागली."

ती हसली. काकूही हसल्या. मी तिच्या हातातले तुकडे घेऊन रुमालात बांधले आणि तिची पत्रावळ पुढे ओढली. पोळी गार झाली होती. काकूंनी न विचारता वर तूप सोडलं.

"जेव," मी म्हटलं.