दयाळाचं गाणं, माकडाची हाक

मानसरोवर या हिंदी मुलखातल्या वसाहतीतल्या मराठी मंडळींना वसंतरावांची धास्तीच होती. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा सांगलीकर मराठी मंडळाच्या हस्तलिखित अंकावर लाल पेन चालवायचा आणि बोलता बोलता ‘मतलब’ म्हणणाऱ्या पोरांना भर सभेत टोकायचा. त्यांची बायको सुधाताई हसून म्हणायची, "अहो, तुमच्यापुढं बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं!" मार्चमध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली ती गेलीच.

यंदा गणपतीच्या अंकासाठी वसंतरावांनी दयाळ पक्षी आणि सिंहपुच्छ माकड यांची तुलना लिहायला घेतली. लेख आधी बायकोला वाचून दाखवायचा, हा लग्नापासूनचा शिरस्ता. तिच्या डोक्यात किती शिरतं देव जाणे, पण शिरस्ता मोडतील ते वसंतराव कसले!

"दयाळ शेंड्यावर बसून गातो, ही हद्द माझी म्हणून बजावतो. घाटातली ही माकडं आता थोडीच उरलीत. गर्द झाडीत एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून ‘कू’ करून विचारत राहतात, आहेस ना?"

मग त्यांनी मोबाइलवर दोन्ही आवाज लावले. दयाळ गाऊन गेला, सुधाताई ढिम्म. माकडानं हाक दिली, आणि तिच्या वाकड्या झालेल्या तोंडातून हुबेहूब तसाच ‘कू’ निघाला.

वसंतरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी तो आवाज मोबाइलमधून काढूनच टाकला. पण सुधाताई थांबेना. भरदुपारी दाराकडे बघून हाक द्यायची, कान देऊन वाट बघायची, पुन्हा हाक. शेजारचे सुखदेवजी विचारून गेले, "भाईसाहब, बंदर पाल लिया क्या?"

तिसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. चमचा नेला की दात घट्ट. आज पोटात काही गेलं नाही तर नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

वसंतराव पेजेची वाटी घेऊन बसले. विनवून झालं, रागावून झालं, शेवटी म्हातारा रडला. एक शब्द तिच्यापर्यंत पोचेना, आणि शब्दांखेरीज त्यांच्याजवळ होतं तरी काय?

"कू," सुधाताई म्हणाली.

वसंतरावांनी तोंड उघडलं. सराव कधीच नव्हता, तरी आवाज घशात आधीपासून दबा धरून बसल्यासारखा बाहेर पडला, लांबलचक, रानटी. हा आपला नव्हे, अशी भीती वाटली तरी त्यांनी चमचा पुढं केला.

सुधाताईनं दारावरची नजर काढली, झटक्यानंतर पहिल्यांदाच ओळखीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आ केला.